रात्रीच बंद पडणारे कॅमेरे: पीओईचा हिशोब नेमका कुठे चुकतो

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. तुमच्याकडे १६ पोर्टचा पीओई प्लस नेटवर्क स्विच आहे (पीओई म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेट, नेटवर्कच्या केबलमधूनच उपकरणाला वीज देण्याची पद्धत) आणि त्याचं एकूण पीओई बजेट, म्हणजे सगळ्या पोर्टना मिळून तो देऊ शकतो ती वीज, १५० वॉट आहे. पोर्ट १ आणि २ वर वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट, ३ ते १४ वर बारा कॅमेरे. त्यातले अकरा साधे, स्थिर आणि एक पीटीझेड, म्हणजे लांबून फिरवता, वरखाली आणि झूम करता येणारा. हा पीटीझेड पोर्ट ६ वर, साधारण ९० मीटर लांब केबलच्या टोकाला. दिवसभर सगळं व्यवस्थित चालतं. अंधार पडला की पोर्ट १४ चा कॅमेरा दर काही मिनिटांनी रीस्टार्ट होतो, कधीकधी १३ चाही होतो, आणि पीटीझेड फिरवायला गेलं की तोही बंद पडून पुन्हा चालू होतो. पीटीझेड बदलून पाहिला, फरक नाही. स्विच बदलू की केबल, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत असं: तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड आहेत आणि दोघांची वेळ एक असल्यामुळे ते एकच वाटतायत. पोर्ट १३-१४ चं दुखणं स्विचच्या बजेटचं आहे. पोर्ट ६ चं दुखणं बहुतेक केबलचं आहे. नुसता स्विच बदललात तर पहिलं जाईल, दुसरं राहील. नुसती केबल बदललीत तर उलट. पुढे जे लिहितोय ते हे दोन्ही तुम्हाला स्वतःला तपासता यावं म्हणून.

सुरुवात एका साध्या शंकेपासून करतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. ज्या तारांवरून डेटा जातो त्याच तारांवरून वीज कशी जाते आणि दोघं एकमेकांच्या वाटेत कशी येत नाहीत? इथरनेटच्या केबलमध्ये आठ तारांच्या चार पिळलेल्या जोड्या असतात. डेटा कुठल्याही एका तारेवर नसतो. जोडीतल्या दोन तारांच्या व्होल्टेजमध्ये जो फरक असतो, त्या फरकात तो असतो. पीओई जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखंच डीसी व्होल्टेज चढवतं. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखं वजन टाकलं तर काटा हलत नाही, तसंच हे. एक जोडी धन, दुसरी जोडी ऋण, आणि दोन्ही टोकांच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकातून वीज आत घातली जाते आणि बाहेर काढली जाते. डेटाला याचा पत्ताही लागत नाही.

पण पारडी सारखी असेपर्यंतच. जोडीतली एक तार पॅच पॅनेलमध्ये (केबलींची टोकं जोडण्याची पट्टी) नीट पंच झाली, म्हणजे दाबून बसवली गेली नसेल, तर त्या तारेचा रेझिस्टन्स वाढतो आणि करंट दोन तारांत सारखा वाटला जात नाही. मग ट्रान्सफॉर्मरचा गाभा चुंबकीयदृष्ट्या एका बाजूला झुकतो आणि डेटा खराब व्हायला लागतो. अशा वेळी कॅमेरा बंद पडत नाही, चित्र अडखळतं. लोक नेटवर्कच्या सेटिंगमध्ये तासन्‌तास घालवतात आणि दोष एका अर्धवट दाबलेल्या तारेत असतो. तुमच्याकडे हे लक्षण नाही, तरी लक्षात असू द्या.

दुसरी शंका मला सगळ्यात जास्त वेळा विचारली जाते: चुकून लॅपटॉप किंवा प्रिंटर पीओईच्या पोर्टमध्ये लावला तर जळेल का? प्रमाणित पीओई असेल तर नाही. स्विच पोर्टमध्ये थेट ४८ व्होल्ट सोडून ठेवत नाही. आधी २.८ ते १० व्होल्टच्या दरम्यान अगदी हलकं व्होल्टेज लावून पलीकडे काय आहे ते चाचपतो. पीओईवर चालणाऱ्या प्रत्येक उपकरणात साधारण २५ किलोओहमचा रेझिस्टन्स ओळखीसाठी ठेवलेला असतो. तो दिसला तरच पुढची पायरी. मग स्विच १५.५ ते २०.५ व्होल्ट लावतो आणि उपकरण किती मिलिअँपिअर ओढतं यावरून त्याचा वर्ग ठरवतो. ९ ते १२ मिलिअँपिअर म्हणजे वर्ग १, ३६ ते ४४ म्हणजे वर्ग ४, असं. त्यानंतरच पूर्ण व्होल्टेज चढतं. लॅपटॉपमध्ये तो २५ किलोओहम नसतो, म्हणून त्याला काहीच मिळत नाही, नुसता डेटा जातो. चालू उपकरणाची केबल उपटली तर करंट थांबल्याचं स्विचला लगेच कळतं आणि अर्ध्या सेकंदाच्या आत तो वीज तोडतो. म्हणजे त्याच केबलला लगेच दुसरं काही जोडलं तरी धोका नाही.

हे सगळं ज्यात होत नाही त्याला पॅसिव्ह पीओई म्हणतात, आणि त्याच्यापासून सांभाळून राहा असं मी अगदी कळकळीने सांगतो. त्यात काही चाचपणी नाही, ओळख नाही. त्याच्या डबीला, म्हणजे केबलवर वीज चढवणाऱ्या छोट्या अ‍ॅडॉप्टरला, वीज दिली की केबलवर २४ किंवा ४८ व्होल्ट कायम हजर. बाहेरच्या वायरलेस लिंकसोबत अशा डब्या बऱ्याचदा येतात, आणि त्यांच्या स्वतःच्या उपकरणासोबत त्या उत्तम चालतात. पण कुणीतरी कपाटात ती डबी पाहतो, तिच्यावर पीओई लिहिलेलं वाचतो आणि दुसऱ्याच उपकरणाला लावतो. मी अशा प्रकारे एक नेटवर्क प्रिंटर गेलेला पाहिलाय. कनेक्टरच्या मागचा ट्रान्सफॉर्मर काळा पडला होता आणि वास दुसऱ्या दिवशीपर्यंत खोलीत होता. तेव्हापासून मी अशा प्रत्येक डबीवर मार्करने मोठ्या अक्षरात व्होल्टेज आणि ती कुठल्या उपकरणाची आहे ते लिहून ठेवतो. तुमच्याकडे एखादी असेल तर आजच लिहा.

आता आकड्यांकडे येतो, कारण तुमचं उत्तर आकड्यांतच आहे.

पीओईचं पहिलं प्रमाण (स्टँडर्ड), आयईईई ८०२.३एएफ, २००३ साली आलं. त्यात स्विचच्या पोर्टवर १५.४ वॉट मिळतात आणि उपकरणाला १२.९५ वॉटची हमी असते. मधले जवळजवळ अडीच वॉट कुठे जातात? केबलमध्ये. हा आकडा कुठून आला ते पाहा. स्विचचं किमान व्होल्टेज ४४, करंट ०.३५ अँपिअर, गुणाकार १५.४ वॉट. केबलचा जास्तीत जास्त रेझिस्टन्स २० ओहम धरला. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, म्हणजे ०.३५ गुणिले ०.३५ गुणिले २०, बरोबर २.४५ वॉट. वजा केले की १२.९५ उरतात. २००९ साली आलेल्या ८०२.३एटीमध्ये, ज्याला आपण पीओई प्लस म्हणतो, हेच गणित ५० व्होल्ट, ०.६ अँपिअर आणि १२.५ ओहम धरून केलंय: पोर्टवर ३० वॉट, केबलमध्ये ४.५, उपकरणाला २५.५. आणि २०१८ च्या ८०२.३बीटीमध्ये चारही जोड्यांतून वीज जाते, पोर्टवर ६० किंवा ९० वॉट, उपकरणाला ५१ किंवा ७१.३.

हे गणित मी मुद्दाम उलगडून दाखवलं. प्रमाणाचे आकडे लोक पाठ करतात, पण त्यांच्या आत केबलचा रेझिस्टन्स गृहीत धरलाय हे विसरतात. पीओईमध्ये केबल ही नुसती वाट नाही, ती वीजपुरवठ्याचाच एक भाग आहे. २५.५ वॉटची हमी १२.५ ओहमच्या आतल्या केबललाच लागू आहे. तुमची केबल त्याच्या वर गेली की प्रमाणाने दिलेला शब्द संपला, मग स्विच कितीही चांगला असो.

व्होल्टेज एवढं का, यालाही हेच कारण. दहा वॉट ५ व्होल्टवर पाठवायचे तर २ अँपिअर लागतील, आणि १० ओहमच्या केबलमध्ये २ अँपिअर म्हणजे २० व्होल्ट वाटेतच जायला हवेत. मुळात आहेत ५. हेच दहा वॉट ५० व्होल्टवर पाठवले तर ०.२ अँपिअरच्या आसपास करंट, आणि वाटेत जातात जेमतेम २ व्होल्ट. वर जायलाही मर्यादा आहे. ६० व्होल्टच्या खालचं डीसी हाताळायला सुरक्षित गणलं जातं, म्हणून पीओईची वरची हद्द ५७ व्होल्ट ठेवली आहे. टेलिफोन एक्सचेंजही फार पूर्वीपासून ४८ व्होल्टवरच चालत आलीत. तारेवरून वीज पाठवण्याचा हा अनुभव नवा नाही.

आता तुमचं बजेट. स्थिर कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात असं तुम्ही लिहिलंय: ५ वॉट, आणि आयआर दिवे (अंधारात पाहण्यासाठीचे इन्फ्रारेड) चालू असताना ९ वॉट. पीटीझेड साधारण १० आणि जास्तीत जास्त २२. अ‍ॅक्सेस पॉइंट प्रत्येकी १२. दिवसाचा हिशोब: अकरा गुणिले ५ म्हणजे ५५, पीटीझेडचे १०, अ‍ॅक्सेस पॉइंटचे २४, एकूण ८९ वॉट. १५० च्या बजेटमध्ये भरपूर जागा. म्हणून तुम्हाला वाटलं की स्विच मोठा आहे. रात्रीचा हिशोब: अकरा गुणिले ९ म्हणजे ९९, पीटीझेडचे २२, अ‍ॅक्सेस पॉइंटचे २४, एकूण १४५. आणि हे आकडे उपकरणाच्या टोकाचे आहेत. स्विच मोजतो ते स्वतःच्या टोकाला, केबलमधली घट धरून. छोट्या केबलींची मिळून तीनेक वॉट आणि पीटीझेडच्या लांब केबलची आणखी दोन ते सहा वॉट धरली की तुम्ही १५० वर टेकता किंवा त्याच्या पुढे जाता.

इथे पोर्ट १४ च का, हे समजून घेण्यासारखं आहे. बजेट ओलांडलं की स्विच सगळ्यात कमी प्राधान्याच्या पोर्टची वीज तोडतो. प्राधान्य तुम्ही ठरवलेलं नसेल तर बऱ्याच स्विचमध्ये वरच्या क्रमांकाचा पोर्ट सगळ्यात शेवटचा मानला जातो. तुमच्याकडे तो १४. वीज तोडली, ९ वॉट मोकळे झाले, बजेटमध्ये जागा झाली. स्विचने पोर्ट १४ पुन्हा चालू केला. कॅमेरा उठताना आयआर दिवे बंद असतात, तो ५ वॉटच मागतो, म्हणजे सगळं बसतं. मिनिटभराने कॅमेऱ्याला अंधार दिसतो, दिवे लागतात, ९ वॉट होतात, बजेट पुन्हा ओलांडतं, वीज पुन्हा तुटते. रात्रभर हेच चक्र. त्यात कुणी पीटीझेड फिरवला की त्याच्या मोटारी आणखी ओढतात आणि पोर्ट १३ चाही नंबर लागतो. तुम्ही कॅमेरा १४ बिघडलाय असं समजून बदलला असतात तरी नवा कॅमेरा हेच करत राहिला असता.

तपासायचं कसं? स्विचच्या पीओईच्या पानावर प्रत्येक पोर्टचे चालू वॉट आणि एकूण वापर दिसतो. दुपारी एकदा पाहा आणि अंधार पडल्यावर सगळे दिवे लागलेले असताना पुन्हा पाहा. रात्री एकूण आकडा १५० च्या जवळ घुटमळत असेल आणि लॉगमध्ये पोर्ट १४ ची वीज बजेटमुळे तोडल्याची नोंद असेल, तर प्रश्न मिटला. आणखी एक पक्की खूण: पोर्ट १४ ची केबल आणि पोर्ट ४ ची केबल स्विचवर आपसात बदला. आता दुसराच कॅमेरा, म्हणजे जो १४ वर आला तो, रीस्टार्ट व्हायला लागला तर कॅमेरा आणि केबल दोन्ही निर्दोष आहेत.

बजेटबद्दल एक बारकावा सांगायला हवा, कारण तो फसवतो. काही स्विच प्रत्यक्ष वापर मोजत नाहीत, वर्गाप्रमाणे जागा राखून ठेवतात. वर्ग न सांगणारं उपकरण वर्ग ० मध्ये जातं आणि प्रत्यक्षात ३ वॉट ओढत असलं तरी त्याच्या नावावर १५.४ वॉट अडकतात. अशा स्विचवर दहा फोन लावले की १५० चं बजेट संपलं, जरी ते सगळे मिळून ३० वॉटच ओढत असले तरी. तुमच्या स्विचमध्ये वाटप वर्गाप्रमाणे की प्रत्यक्ष वापराप्रमाणे, अशी निवड असेल तर ती कुठे आहे ते पाहा. चांगले स्विच आणि चांगली उपकरणं एलएलडीपीवरून (उपकरणांनी एकमेकांना स्वतःची माहिती देण्याची नेटवर्कमधली ठरलेली पद्धत) आपसात बोलून दशांश वॉटपर्यंत नेमकी मागणी ठरवतात. ते चालू ठेवा. आणि स्विचवर किती पोर्ट पीओई प्लसचे आहेत यावर जाऊ नका. सोळा पोर्ट प्रत्येकी ३० वॉट म्हणजे ४८० वॉट. तुमच्या १५० च्या बजेटमध्ये पूर्ण ३० वॉट फक्त पाच पोर्टना मिळू शकतात. खोक्यावर ठळक छापलेला आकडा पोर्टचा असतो, कामाचा आकडा बजेटचा असतो.

आता पोर्ट ६. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्या कामात सगळ्यात जास्त वेळ याच प्रकाराने खाल्लाय.

पीटीझेड शांत उभा असताना चालतो आणि फिरवल्यावर पडतो, दुसरा पीटीझेड लावला तरी तेच. म्हणजे जास्त करंट मागितला की टोकाला व्होल्टेज खाली येतंय. हे मोजता येतं आणि त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही, साधा मल्टिमीटर पुरतो. केबल दोन्ही टोकांना मोकळी करा, स्विचमधूनही काढा. एक आरजे-४५ कनेक्टर (नेटवर्क केबलच्या टोकाचा प्लग) असा बनवा की त्यात पिन १ आणि २ एकत्र, ३ आणि ६ एकत्र, ४ आणि ५ एकत्र, ७ आणि ८ एकत्र जोडलेले असतील. मी असा एक कनेक्टर लाल टेप लावून कायम पिशवीत ठेवतो. तो कपलरमधून (दोन प्लग एकमेकांना जोडणारा छोटा सांधा) कॅमेऱ्याच्या टोकाला लावा. मग स्विचच्या टोकाला मल्टिमीटरने १ आणि २ मधला रेझिस्टन्स मोजा, तसाच ३-६, ४-५ आणि ७-८ चा. मीटरच्या दोन्ही पिना आधी एकमेकींना टेकवून जे रीडिंग येतं ते प्रत्येक आकड्यातून वजा करायला विसरू नका.

अस्सल तांब्याची, २४ गेजची (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक) केबल ९० मीटर असेल तर प्रत्येक जोडीला १५ ते १७ ओहम यायला हवेत. चारही जोड्यांचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. पिळाचं प्रमाण वेगवेगळं असल्याने थोडाफार फरक पडतो, पण तीन जोड्या १६ आणि एक २४ असं दिसलं तर त्या जोडीत कुठेतरी सांधा खराब आहे. पीओईचा प्रवाह जाताना एका जोडीच्या दोन्ही तारांतून आणि येताना दुसऱ्या जोडीच्या दोन्ही तारांतून जातो, म्हणून प्रत्यक्ष वाटेचा रेझिस्टन्स या रीडिंगच्या निम्मा असतो. १७ ओहमच्या केबलची पीओईची वाट साडेआठ ओहमची.

माझ्या एका कामात तुमच्यासारखाच प्रकार होता आणि रीडिंग आलं ३८. चारही जोड्यांना ३८ च्या आसपास. सगळ्या जोड्या सारख्याच वाईट म्हणजे सांध्याचा दोष नाही, केबलच तशी. टोकाची एक तार ब्लेडने हलकेच खरवडली. वरचा तांबूस थर सोलला गेला आणि आतून पांढरट चकाकी दिसली. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, म्हणजे सीसीए, आणि वरून गेजही बारीक. आवरणावर कॅट ५ई (नेटवर्क केबलचा एक दर्जा) असं व्यवस्थित छापलेलं होतं. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या जेमतेम साठ टक्के वीज वाहतं, त्यामुळे अशा तारेचा रेझिस्टन्स त्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपटीहून जास्त होतो. कॅट ५ई किंवा कॅट ६ च्या प्रमाणात अशा तारेला जागाच नाही, मग आवरणावर काहीही छापलेलं असो.

३८ चे निम्मे १९ ओहम. त्यावर तुमचा २२ वॉटचा पीटीझेड बसवून पाहू. स्विच ५० व्होल्ट देतोय, प्रमाणाने पीओई प्लसला किमान तेवढं बंधनकारक आहे. हिशोब केला तर कॅमेऱ्याच्या टोकाला साधारण ३९.४ व्होल्ट उरतात, करंट ०.५६ अँपिअर, आणि केबलमध्ये जवळजवळ सहा वॉट उष्णता म्हणून जातात. पीओई प्लसच्या उपकरणाने ४२.५ व्होल्टपर्यंत चालावं एवढीच अपेक्षा आहे. त्याच्या खाली गेल्यावर ते बंद पडलं तर दोष त्याचा नाही. आता तोच कॅमेरा साडेआठ ओहमच्या तांब्यावर: टोकाला ४५.९ व्होल्ट, करंट ०.४८ अँपिअर, वाटेत दोन वॉटहून कमी घट. काही पडणार नाही. आणि तोच कॅमेरा त्या वाईट केबलवर दिवसा, शांत उभा, १० वॉट ओढताना? टोकाला ४५.९ व्होल्ट. सुखाने चालतो. म्हणूनच केबल लावल्याच्या दिवशी चाचणी घेतली तेव्हा सगळं बरोबर दिसलं.

केबलच्या टेस्टरवरचे आठही दिवे हिरवे लागले म्हणून केबल चांगली, असं अजिबात समजू नका. तो टेस्टर फक्त तार जोडलेली आहे की तुटलेली एवढंच सांगतो. १५ ओहम आणि ३८ ओहम त्याच्यासाठी सारखेच. स्विचवर लिंकचा दिवा लागतो, डेटाही धावतो, कारण डेटाला करंट जवळपास लागतच नाही.

तुमचं रीडिंग १५ ते १७ च्या आसपास आलं तर केबल सोडा आणि दोन्ही टोकांचे कनेक्टर नवे लावा. केबलच्या मधोमध कुठे कपलर किंवा हाताने पिळलेला सांधा आहे का तेही शोधा. पॅच कॉर्ड २८ गेजची बारीक असेल तर ती बदलून जाड घ्या. रीडिंग २५ च्या वर आलं, म्हणजे वाट साडेबारा ओहमच्या पलीकडे गेली, तर ती केबल पीटीझेडच्या कामाची नाही. बदलताना २३ गेजची अस्सल तांब्याची कॅट ६ टाका. जाड तार म्हणजे कमी रेझिस्टन्स, आणि लांब अंतरावर तो फरक थेट व्होल्टेजमध्ये दिसतो. काढलेली केबल फेकू नका, तिच्यावरून १० ते २० मीटरवरचा एखादा ५ वॉटचा फोन चालेल. पण तिच्यावर चिठ्ठी लावा, नाहीतर दोन वर्षांनी कुणीतरी ती पुन्हा लांबच्या कॅमेऱ्याला ओढेल.

केबल गरम छतातून गेली असेल तर तेही धरा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. २० अंशांना मोजलेले १६ ओहम ६० अंशांना साडेअठरा होतात. ९० वॉटच्या पीओईत जाड जुडगे बांधताना केबल स्वतःच तापतात आणि जुडग्याच्या मधल्या केबलला उष्णता सोडायला वाट नसते. तुमच्या बारा कॅमेऱ्यांना ती चिंता नाही.

आता काय करायचं ते क्रमाने. आधी केबल, कारण ती वाईट असेल तर बाकी कुठल्याही उपायाने पीटीझेड सुधारणार नाही. त्यानंतर पीटीझेडला स्विचच्या बजेटमधून बाहेर काढा: स्विच आणि कॅमेऱ्याच्या मध्ये, स्विचच्या शेजारीच, ८०२.३एटीचा ३० वॉटचा इंजेक्टर लावा. डेटा स्विचमधून येतो, वीज इंजेक्टर देतो. स्विचवरचा रात्रीचा भार एकदम वीसेक वॉटने कमी होतो, १२५ ते १३० च्या घरात येतो, आणि पोर्ट १३-१४ शांत होतात. इंजेक्टर घेताना त्यावर ८०२.३एटी स्पष्ट लिहिलंय का ते पाहा, नुसतं पीओई लिहिलेलं पुरेसं नाही. अंतर वाढवण्यासाठी मिळणारे पीओई एक्स्टेंडर मात्र इथे टाळा. ते स्वतः काही वॉट खातात आणि पुढे उरलेलेच देतात. पीटीझेडच्या आधी ते टाकलं तर परिस्थिती आणखी बिघडते.

पुढे आणखी कॅमेरे वाढवायचे असतील तर इंजेक्टरवर न थांबता मोठ्या बजेटचाच स्विच घ्या. बजेट ठरवताना प्रत्येक उपकरणाचा सगळ्यात वाईट क्षणाचा आकडा घ्या: अंधार, दिवे चालू, हीटर असेल तर तोही चालू, मोटार फिरतेय. वर केबलची घट आणि चौथा हिस्सा मोकळा. तुमच्या आजच्या हिशोबाने ते १९०-२०० वॉट होतात, म्हणजे २५० च्या वर्गातला स्विच. त्याच्या मागचा यूपीएसही मग त्याच हिशोबाने घ्या, कारण पीओईचे सगळे वॉट शेवटी तिथूनच येतात आणि स्विच स्वतःही काही खातो. याचा फायदा मोठा आहे. एका यूपीएसवर सगळे कॅमेरे तगतात, आणि एखादा अडकला तर शिडी न चढता स्विचवरून त्या पोर्टची वीज बंद-चालू करून त्याला उठवता येतं.

नवा स्विच येईपर्यंत आजच एक गोष्ट करा: पोर्टचं प्राधान्य ठरवा. प्रवेशद्वाराचा कॅमेरा ज्या पोर्टवर असेल तो सगळ्यात वर, आणि ज्याच्यावाचून रात्री अडणार नाही तो सगळ्यात खाली. दोन्हींपैकी एखादा अ‍ॅक्सेस पॉइंट रात्री कुणी वापरत नसेल तर त्याची वीज वेळापत्रकाने बंद करा, १२ वॉट तिथेच सुटतात.

पीटीझेड बाहेर खांबावर आहे असं तुम्ही ओघात लिहिलंय, त्याबद्दल दोन शब्द. खांबावरून इमारतीत येणारी तांब्याची केबल वीज कडाडते तेव्हा तो धक्का आत आणू शकते. केबलच्या दोन्ही टोकांना पीओईसाठी बनवलेला सर्ज प्रोटेक्टर लावा आणि त्याचं अर्थिंग खरोखर जमिनीत गेलंय याची खात्री करा. अर्थिंगशिवाय तो नुसता डबा आहे. खांब दुसऱ्या इमारतीच्या अर्थिंगवर असेल तर तिथपर्यंत फायबर टाकून वीज तिथल्या तिथे द्यावी लागेल, कारण फायबरमधून पीओई जात नाही.

आणि हे सगळं करताना चालू पीटीझेडची केबल सरळ उपटू नका. अर्ध्या अँपिअरचा प्रवाह चालू असताना कनेक्टर ओढला की पिनेवर बारीक ठिणगी पडते. एकदोनदा काही होत नाही, पण पुन्हापुन्हा केलं की सोन्याचा मुलामा खरवडल्यासारखा जातो आणि तिथेच पुढचा खराब सांधा तयार होतो. स्विचच्या पानावरून पोर्ट ६ ची पीओई बंद करा, कॅमेऱ्याचा दिवा विझू द्या, मग काढा. केबलचं रीडिंग आणि रात्रीचे प्रत्येक पोर्टचे वॉट मला कळवा. चारही जोड्यांचे आकडे वेगवेगळे लिहा, सरासरी नको.